आत्याच्या कोंबड्या आणि जंतांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या आधी, आत्याचा फोन आला. आत्या बदलापूरला राहते. म्हणजे स्टेशनाजवळच्या टॉवरांच्या बदलापूरला नाही, तर गावाच्या पलीकडे, बारवी धरणाच्या रस्त्याला. जुनं कौलारू घर, मागे परसदार, परसदारात शेवगा, आळूचं वाफं आणि मातीच्या भिंतीचं खुराडं. चौदा कोंबड्या होत्या. फोनवर आत्याचं पहिलंच वाक्य, "तीन गेल्या रे."

शेजारी म्हणाले मानमोडी. पण मानमोडीत कोंबड्या मान वाकडी करून दोन-चार दिवसांत पटापट मरतात, सगळं खुराडं झोपतं. इथे तसं नव्हतं. एकेक कोंबडी महिना-महिना सुकत जायची, तुरा पांढुरका पडायचा, छातीचं हाड हाताला लागायचं, खाणं मात्र चालूच. अंडी आधीच बंद झालेली. आत्याचं निदान तयार होतं: जंत. औषधही तयार होतं. बाजारातून आणलेली बाटली ती दर महिन्याला पाण्यात घालून पाजत होती. पहिल्यांदा पाजलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात शेवयांसारखे लांब पांढरे जंत पडलेले तिने डोळ्यांनी पाहिले होते. मग औषध खोटं कसं म्हणायचं?

आतेभावाचं म्हणणं वेगळं होतं. "आता पुरे झाल्या कोंबड्या. शेजारच्या जागेवर बिल्डिंग उठतेय, उद्या तक्रारी येतील. मरतायत तर मरू दे, नवीन आणू नकोस." तो वाईट माणूस नाही, त्याचंही बरोबरच होतं. पण गावठी अंड्याला हल्ली पंधरा रुपये सहज मिळतात आणि ते पैसे आत्याचे स्वतःचे. त्या पैशांतून ती कुणाला न विचारता भिशी भरते. चौदा कोंबड्या म्हणजे ती भिशी होती. फोन कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "आत्या, आधी शिटा तपासून घेऊ." ती हसायलाच लागली. "कोंबडीचं हागणं डब्यात भरून दवाखान्यात न्यायचं? लोक काय म्हणतील!"

तर त्या निमित्ताने मी जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं ते इथे लिहून ठेवतोय. घरातल्या पुढच्या पिढीला उपयोगी पडेल, आणि नाहीच पडलं तरी गंमत आहेच.

कोंबडी माणसाकडे आली तीच मुळी दाण्यासाठी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात जगभरच्या जुन्या हाडांचा पुन्हा अभ्यास झाला. त्यानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं मध्य थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, साधारण इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातली. भाताची शेती आली, दाणे सांडले, आणि रानातला तांबडा कोंबडा झाडावरून खाली उतरला. आपल्या सह्याद्रीत आहे तो करडा रानकोंबडा, त्याचा चुलतभाऊ. रानात हा पक्षी दिवसभर फिरतो, आज इथे उकरतो, उद्या तिथे. ज्या जागी विष्ठा टाकली तिथेच रोज दाणे टिपायची पाळी त्याच्यावर येत नाही. ती पाळी माणसाने आणली. खुराडं आलं, परसदार आलं, आणि त्याबरोबर जंतांची सोय झाली.

कारण जंताचं सगळं गणित मातीत आहे. कोंबडीच्या आतड्यातला मोठा गोल जंत, त्याची मादी सात ते बारा सेंटीमीटर लांब. तिची अंडी शिटेतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली की दहा ते वीस दिवसांत त्यांच्या आत अळी तयार होते. मग ते अंडं कोंबडीने टिपलं की पाच ते आठ आठवड्यांत नवा जंत अंडी घालायला मोकळा. आणि कुणी टिपलंच नाही तर? तर ते सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन् महिने वाट पाहतं. बदलापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेइतकी चांगली हवा त्याला आणखी कुठे मिळणार? :-)

या जंताला शास्त्रीय नाव दिलं ते १७८८ साली, बव्हेरियातल्या श्रांक नावाच्या पाद्री निसर्गशास्त्रज्ञाने. पण जंतांचा विचार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी झालेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत, अर्थात माणसाच्या संदर्भात. मला भावली ती त्यातली उपचाराची तीन पायऱ्यांची मांडणी. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे तिखट, कडू, तुरट, क्षारयुक्त असं देऊन कृमींना मानवणारी आतली परिस्थितीच मोडणे. तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने झाले ते कारण टाळणे. औषधाचं दुकान पहिल्या पायरीवर थांबतं. आपणही बहुतेक तिथेच थांबतो.

घरगुती औषधंही होती. वावडिंग तर लहान मुलांच्या दुधात उकळायची पद्धत अजून आहे. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर देत. कर्जतच्या पुढच्या स्टेशनाच्या नावातच पळस आहे, पळसदरी. तेव्हा आपल्या पट्ट्यात पळसपापडीला तोटा नसावा! शेंद्रीच्या फळावरची लाल भुकटी पट्टकृमींवर वापरली जाई, आणि जुन्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत कोंबड्यांसाठीसुद्धा तिचं नाव सापडतं. आमची आजी कोंबड्यांना लसूण ठेचून पिठाच्या गोळीतून द्यायची. त्याने जंत पडत की नाही देवजाणे, पण आजीचं रोज प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पाहणं व्हायचं. ते मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

ही आजी म्हणजे आत्याची आई. तिच्या अंड्यांचं गिऱ्हाईक कुठे होतं ते ऐकण्यासारखं आहे. कल्याणच्या पुढे दुसऱ्या महायुद्धात मोठा लष्करी कॅम्प उभा राहिला होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून. अंबरनाथला विसाच्या दशकापासून आगपेट्यांचा विम्को कारखाना, पुढे पन्नाशीत संरक्षण खात्याचा कारखाना. बराकींत आणि कामगारांच्या चाळींत माणसं दाटीने राहत, कोंबड्या पाळायला अंगण कुणाकडे? अंगण बदलापूरकडे होतं. आजी टोपलीत भाताचं तूस घालून त्यात अंडी रचायची आणि गाडीने अंबरनाथ नाहीतर उल्हासनगर कॅम्प गाठायची. एकूण तीन गावांचा हा व्यवहार. आज त्या तिन्ही गावांत इमारती आहेत आणि अंगण बदलापुरातूनही चाललं आहे.

आता सरकारी इतिहासात या कोंबड्या कुठे आहेत ते पाहू. मुंबईत परळला सर दिनशा पेटीट यांच्या देणगीतून जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ साली तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे पहिले प्राचार्य. १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घोडे होते, कारण घोडे लष्कराचे. बैल होते, कारण बैल शेतीचे, आणि बुळकांडीने ते हजारोंनी मरत. कोंबडी यादीत फार खाली. तिची पहिली मोठी दखल घेतली गेली ती १९२७-२८ च्या सुमारास, उत्तरेत रानीखेतला पक्षी पटापट मरू लागले तेव्हा. आपली मानमोडी म्हणजे कागदोपत्री रानीखेत, ती याच गावाच्या नावाने. साथ आली की दखल. हळूहळू सुकत मरणाऱ्या कोंबडीची दखल कोण घेणार? ती बायकांच्या अखत्यारीतली गोष्ट, आणि बायकांच्या टोपलीतली अंडी कुठल्या दप्तरात मांडली जात नव्हती.

म्हणूनच १९३५ चं एक पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं. गो. दा. भालेराव या कृमिशास्त्रज्ञांनी भारतातल्या पाळीव जनावरांत सापडणाऱ्या कृमींवर साडेतीनशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. इम्पीरियल कौन्सिल ऑफ अॅग्रिकल्चरल रिसर्चने तो काढला. कुठल्या प्राण्यात कुठला कृमी, तो कसा ओळखायचा, याची आपल्या देशापुरती एकत्र यादी. दिसायला रूक्ष काम, पण ओळख पटल्याशिवाय औषध कशावर द्यायचं?

ओळख पटवण्याची युक्ती त्या काळात सोपी होत गेली. १९२१ साली ऑस्ट्रेलियात विलिस यांनी माणसातल्या अंकुशकृमीच्या अंड्यांसाठी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. मिठाचं संपृक्त पाणी करायचं, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतकं. त्यात विष्ठा कालवायची. हे पाणी जड, जंतांची अंडी त्यापेक्षा हलकी, म्हणून ती वर तरंगतात. वर काच टेकवली की चिकटून येतात. मग सूक्ष्मदर्शक. १९३९ साली सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी रेघा आखलेली काचेची खोली बनवली, तिच्यामुळे अंडी मोजता येऊ लागली. चार ग्रॅम विष्ठा, छप्पन्न मिलिलिटर मिठाचं पाणी, दोन्ही खोल्यांत जितकी अंडी दिसतील त्याला पन्नासने गुणायचं की एका ग्रॅममध्ये किती ते कळतं. मीठ, पाणी आणि पाढे. ही पद्धत आजही जगभर चालते.

तर झालं असं की आत्या अखेर तयार झाली. सकाळी खुराडं उघडल्याबरोबर ताज्या शिटा, वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणच्या, स्वच्छ डबीत. डबी थंड ठेवायची, पण गोठवायची नाही, आणि त्याच दिवशी पोचवायची. (लोकलमध्ये मी ती डबी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी "टिफिन का?" असं विचारलं. मी हो म्हटलं.)

तपासणीचा निकाल ऐकून आम्ही गोंधळलो. गोल जंतांची अंडी होती, पण अगदी थोडी. रक्ती हगवणीचे जे सूक्ष्म जीव असतात, जे जंत नव्हेतच आणि जंतांच्या औषधाला दाद देत नाहीत, तेही नगण्य. म्हणजे कोंबड्या जवळजवळ निरोगी! आत्या म्हणाली, "मग मरतात कशाला, हौसेने?"

उत्तर चौथ्या कोंबडीने दिलं. ती मेली त्या दिवशी आत्याने पुरली नाही, मला फोन केला. पशुवैद्यांनी ती उघडून दाखवली. आतड्याच्या भिंतीवर बाजरीच्या दाण्यांएवढ्या गाठी, आणि आत चपट्या, तुकड्यातुकड्यांच्या पांढऱ्या फिती. पट्टकृमी. त्यांची अंडी सुटी न पडता भाताच्या कणीसारख्या तुकड्यांत बंद होऊन बाहेर येतात, म्हणून मिठाच्या पाण्यात ती बहुधा तरंगत नाहीत. तपासणी खोटी नव्हती, तिला जेवढं विचारलं तेवढंच तिने सांगितलं.

आणि बाटलीही खोटी नव्हती. तिच्यात पिपराझिन होतं. या औषधाची कथा मोठी मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते संधिवाताच्या एका प्रकारावर देत, कारण काचेच्या भांड्यात ते युरिक आम्ल विरघळवतं. शरीरात मात्र काही करत नाही! पुढे १९४७ साली अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने पिपराझिनपासूनच हत्तीरोगावरचं हेट्राझान दिलं. सुब्बाराव दुसऱ्याच वर्षी वारले. त्याच सुमारास खुद्द पिपराझिन जंतांवर चालतं हे ध्यानात आलं आणि पन्नाशीत ते घरोघर पोचलं. ते जंताला मारत नाही, लुळं करतं. मग आतडं त्याला बाहेर लोटतं. आत्याने पाहिलेल्या शेवया त्या याच. पण ते चालतं फक्त मोठ्या गोल जंतावर. पट्टकृमीला त्याचं काही वाटत नाही.

नंतर औषधं भराभर आली. १९६१ ला थायाबेंडाझोल, मग लेव्हामिसोल, मग फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जीवाणूपासून आयव्हरमेक्टिन, ते १९८१ ला जनावरांसाठी बाजारात आलं आणि २०१५ साली ओमुरा व कॅम्पबेल यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण नोबेलवालं औषधसुद्धा पट्टकृमीवर चालत नाही. आणि जिथे जे चालतं तिथे ते कायम चालेल असंही नाही. थायाबेंडाझोल आल्यानंतर तीनच वर्षांत, १९६४ साली, त्याला न जुमानणारे मेंढ्यांचे जंत नोंदले गेले. न तपासता दर महिन्याला थोडं थोडं पाजत राहणं म्हणजे जंतांची तालीम घेणं. आत्या दोन वर्षं तेच करत होती, आणि चूक तिची नव्हती, कारण तिला तपासून सांगणारं कुणी नव्हतं.

पशुवैद्यांनी पट्टकृमीवर चालणारं औषध दिलं, प्रत्येक कोंबडी तोलून, प्रत्येकीच्या चोचीत. पाण्यात घालून नाही, कारण आजारी कोंबडी पाणी कमी पिते आणि तिलाच औषध कमी मिळतं. त्यानंतर त्यांनी सांगितले तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. सुकलेल्या नव्हत्या त्या पाच-सहा कोंबड्या अजून घालत होत्या, तेव्हा रोज तीन-चार अंडी खड्ड्यात. हे आत्याला सगळ्यात जड गेलं. "पैसे पुरतेय मी मातीत," असं म्हणायची, पण पुरली.

मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला ज्याचा औषधाशी संबंध नव्हता. "खुराड्यात मुंग्या आहेत का?"

मुंग्या? चाळीस वर्षांच्या मातीच्या भिंतीत मुंग्यांची वारुळंच होती. हे पट्टकृमी कोंबडीतून थेट कोंबडीत जात नाहीत. तो तुकडा मुंगी नेते, मुंगीच्या पोटात अळी वाढते, आणि ती मुंगी कोंबडी टिपते. आत्या रोज संध्याकाळी खुराड्याच्या दारातच तांदळाची कणी टाकायची, मुंग्या तिथेच जमायच्या. दाण्यामागे रानकोंबडा आला होता तशाच त्या आल्या. आणि कोंबड्यांना मुंग्यांहून आवडतं काय?

तिसरी पायरी, निदानपरिवर्जन. चरकाने सांगून दोन हजार वर्षं होत आली असतील, आम्ही तिथे बाटल्या संपवून पोचलो. जुनं खुराडं पाडायचं ठरलं तेव्हा आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. ते आजीने लिंपलेलं होतं. पाडलं आतेभावानेच, एका रविवारी, न बोलता. शेवग्याच्या पलीकडे उंचावर, बांबूचं, खाली हवा खेळेल असं नवीन खुराडं केलं. कणी आता भांड्यात, उरलेली रात्री उचलून. शिटा दोन दिवसांनी काढून लांबच्या खड्ड्यात. जुन्या जागेवर चुना टाकला आणि ती जागा वर्षभर कोंबड्यांना बंद. तिथे आता मिरच्या लावल्या आहेत.

उरलेल्या दहांपैकी एक तरीही गेली. तिला उशीर झाला होता. नऊ राहिल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला त्यातल्या सात घालू लागल्या. पुन्हा तपासणी केली, तेव्हा मी शिटेतले तुकडेही भिंगाखाली पाहायला सांगितलं. तुकडे नव्हते. गोल जंतांची थोडी अंडी होती. डॉक्टर म्हणाले असू द्या, मातीत फिरणाऱ्या कोंबडीत शून्य जंत कधीच नसतात. आता महिन्याला औषध नाही, पावसाच्या आधी आणि नंतर तपासणी, आणि गरज असेल तरच औषध.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी पक्ष्यांपैकी ३१ कोटींहून जास्त परसातले होते, आणि मागच्या गणनेपेक्षा ते जवळपास ४६ टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे परसदार संपतंय असं आपल्याला बदलापुरातून वाटतं, तरी देशात ते संपलेलं नाही. त्या एकतीस कोटींच्या मागे बहुधा अशीच कुणाची तरी भिशी असणार. मुलांसाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, शाळेत गोळी मिळते. कोंबड्यांसाठी दिन नको, पण मिठाचं पाणी आणि सूक्ष्मदर्शक जवळच्या दवाखान्यात असतो एवढं जरी घराघरात ठाऊक झालं तरी पुरे.

असो. परवा आत्याकडे गेलो होतो. एक कोंबडी खुडूक झाली आहे, तिला अकरा अंड्यांवर रवणीला बसवली आहे. आतेभाव डालग्यात गवत सारखं करत होता. "बिल्डिंगवाल्यांचं काय?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "त्यांचा वॉचमन आठवड्याला डझनभर अंडी नेतो." आत्या आतून ओरडली, "त्याला पंधराच्या खाली देऊ नकोस रे!"